ॲलर्जी आणि गाजर गवत

एकाला जे मानवते ते दुसऱ्याला बाधते, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पूर्वापार ठाऊक आहे. कोणाला वांगे चालत नाही, कोणाला कोलंबीचे वावडे असते, कोणाला धुणी-झाडणी सुरू झाली की शिंकांवर शिंका येतात. आजीबाईंच्या पथ्याच्या यादीमागे अनुभव होता, यात शंका नाही. परंतु त्या यादीत निरपराध पदार्थ आरोपी ठरावा आणि खरा अपराधी अंगणात मोकळा राहावा, असेही पुष्कळदा घडे. आजही घडते. आणि हा घोटाळा सर्वांत अधिक ज्या ॲलर्जीच्या बाबतीत झाला, ती महाराष्ट्राच्या माळरानांवर, रेल्वेच्या कडेला, पडीक वाफ्यांत आणि गावाच्या उकिरड्यावर वाढणाऱ्या गाजर गवताची ॲलर्जी होय.

प्रथम या शब्दाविषयी थोडेसे. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द रूढ केला. त्या काळी घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली लस टोचीत. पहिल्या टोचणीनंतर काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे दुखत. त्याच मुलाला पुढे कधी दुसऱ्यांदा लस टोचली तर हाच त्रास फार लवकर, कधी काही तासांतच होई. म्हणजे पहिल्या भेटीची शरीराने नोंद ठेवली होती आणि दुसऱ्या भेटीच्या वेळी त्याची वागणूक पालटली होती. ग्रीक भाषेतील 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थाच्या दोन शब्दांपासून पिर्के यांनी ही नवी संज्ञा बनविली.

यातील मर्म असे की, ॲलर्जी हे शरीराच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. रोगजंतूंशी लढणारी जी यंत्रणा, तीच फुलांचे पराग, घरातील धूळ, शेंगदाणा किंवा एखादे औषध अशा निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते आणि तिच्यावर तुटून पडते. त्रास होतो तो बहुतांशी या लढाईमुळे. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांनी आणि चूर्णांनी ॲलर्जी बरी होईल अशी अपेक्षा धरणे मुळातच चुकीचे आहे.

काही मिनिटांची आणि दोन दिवसांची

ही लढाई सर्वत्र एकाच रीतीने होत नाही, आणि रोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद येथेच आहे. जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरी प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी १९२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्यांच्या रक्तातील द्रव थोडासा घेऊन प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे तत्काळ गांधी उठली. मासा ज्यांना सुखाने पचत असे, त्यांच्या कातडीच्या तेवढ्या तुकड्याला दुसऱ्याचे वावडे लागले! रक्तद्रवात असणाऱ्या कोणत्या तरी पदार्थाने ही करणी केली हे उघड झाले. मात्र तो पदार्थ हाती लागण्यास आणखी ४५ वर्षे जावी लागली. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी १९६७ मध्ये तो स्वतंत्रपणे शोधून काढला. १९६८ साली त्याचे नाव 'आयजीई' असे ठरले.

आयजीई हे प्रतिपिंड कातडीत, नाकात, श्वासनलिकांत आणि आतड्यांत असणाऱ्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. ज्याचे वावडे तो कण येऊन त्यांना भिडला, की या पेशी आपल्यातील हिस्टामिन व इतर रसायने एकदम बाहेर टाकतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरू लागतात, श्वासनलिका आवळतात, खाज सुटते. हे सारे काही मिनिटांत घडते. शिंका, वाहणारे नाक, लाल डोळे, दम्याचा झटका, अंगावर उठणारे पित्त हे या घराण्यातील विकार. यातील अत्यंत भयंकर प्रकार म्हणजे पेनिसिलिनचे इंजेक्शन, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश अथवा एखादा अन्नपदार्थ यांमुळे रक्तदाब कोसळून, घसा सुजून माणूस घटकाभरात दगावू शकतो तो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय होय. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते.

या तत्काळ होणाऱ्या ॲलर्जीवरील उपचार आज बरेच हाती आले आहेत. हिस्टामिनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या तर आहेतच. पूर्वीच्या गोळ्यांनी झोप येई, नव्या गोळ्यांनी ती फारशी येत नाही. दम्यासाठी स्टिरॉइडचा फवारा श्वासावाटे घेतल्यास अगदी थोडे औषध नेमके फुफ्फुसात पोहोचते. पंपाची सवय लागते या भीतीने तो टाळून दरवर्षी मुलाला दवाखान्यात भरती करणारे पालक आजही भेटतात. त्यांच्या शंकेचे निरसन करण्यास डॉक्टरांनी पाच मिनिटे अधिक द्यावीत, हे बरे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क अल्प प्रमाणात टोचून आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन शरीराला त्याची सवय लावण्याची रीत सुरू केली. तीन ते पाच वर्षे चिकाटीने घेतल्यास, आणि कारण अचूक शोधलेले असल्यास, ती रीत आजही उपयोगी पडते.

कारण अचूक शोधणे ही मात्र केवळ प्रयोगशाळेची बाब नव्हे. रक्त तपासून चाळीस-पन्नास पदार्थांची यादी हातात देण्याचा प्रकार शहरांतून वाढला आहे. रक्तात प्रतिपिंड सापडले म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नाही. अशा कागदावर भिस्त ठेवून लेकरांचे दूध, अंडी, डाळी बंद केल्याने ॲलर्जी हटत नाही आणि मूल मात्र सुकते. रोग्याची हकिकत नीट ऐकून मगच चाचणी कोणती करायची ते ठरविणे योग्य.

आता दुसरा प्रकार. यात आयजीईचा संबंध नसतो. लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२ साली गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, कातडीची स्पर्शजन्य ॲलर्जी एका प्राण्याच्या रक्तद्रवाने दुसऱ्याकडे जात नाही. ती पांढऱ्या पेशींबरोबर जाते. या पेशींना जमून कामाला लागण्यास वेळ लागतो. म्हणून स्पर्श आज झाला तर कातडी लाल होऊन खाजू लागते ती उद्या किंवा परवा. सोमवारी शेतात बाधा झालेला माणूस बुधवारी उठलेल्या पुरळाचे खापर मंगळवारच्या वांग्याच्या भाजीवर फोडतो, ते यामुळेच.

उकिरड्यावरचा पाहुणा

गाजर गवताचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली म्हणून हे नाव. चटक चांदणी व पांढरफुली ही नावे त्याच्या चिमुकल्या शुभ्र फुलांवरून पडली. आणि पांढऱ्या टोपीची आठवण झाल्याने लोकांनी त्याला काँग्रेस गवतही म्हटले. वस्तुतः हे गवत नव्हेच. शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती मूळची मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या उष्ण प्रदेशातील आहे. पुण्यात उकिरड्यांवर आढळलेल्या या झाडाची नोंद रा. शे. राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, भारतातील नवी वनस्पती म्हणून प्रसिद्ध केली.

अमेरिकेतून 'पी. एल. ४८०' खाली आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, असे सर्रास सांगितले जाते. त्या कराराखालील भारताचा पहिला मोठा व्यवहार १९५६ च्या ऑगस्टमधला. पुण्यातील झाडे त्यापूर्वीच दिसू लागली होती. अमेरिकन गहू १९५१ च्या टंचाईतही आलेला होता, तेव्हा गव्हावरील आरोप सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. परंतु या वनस्पतीचे एकोणिसाव्या शतकातील नमुने भारतातील संग्रहांत असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे निदर्शनास आणले आहे. ती कोणत्या वाटेने आली याचा वाद कसाही सुटो, ती पसरली मात्र आपल्या डोळ्यांदेखत. एका झाडाला १० ते २५ हजारांपर्यंत बी धरते. ते इतके हलके की वारा, पाण्याचा लोंढा, मोटारींच्या चाकांचा चिखल, शेणखत, कशाबरोबरही जाते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येते आणि ओल असेल तर वर्षातून अनेक पिढ्या होतात. जनावरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, आणि चारा नसल्याने एखाद्या म्हशीने खाल्लेच तर दूध कडवट होते.

या झाडाच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य साठते. परागांतही ते असते. पार्थेनिनचा रेणू इतका लहान की एकट्या त्याला शरीराची यंत्रणा ओळखीतही नाही. परंतु तो कातडीतील प्रथिनाला घट्ट चिकटतो, आणि ही जोडगोळी मात्र यंत्रणेला परकी वाटते. कातडीतील पहारेकरी पेशी तिची खबर जवळच्या लसीकाग्रंथीपर्यंत नेतात. तेथे तिला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची पलटण तयार होते. हे एका दिवसात होत नाही. कित्येक जण दहा-दहा वर्षे या गवतात राबतात, त्यांना काहीही होत नाही. आणि एका पावसाळ्यात अकस्मात ॲलर्जी प्रकट होते. 'इतकी वर्षे उपटीत आलो, मग आताच कसे झाले?' हा रोग्याचा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की, त्या इतक्या वर्षांतच तयारी झाली.

पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसमवेत १९७४ साली या विकारावरील लेख लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष इकडे वळले. रोग्यांत प्रौढ पुरुषांचा भरणा अधिक. उघड्यावर काम करणारे शेतकरी, मजूर, पहारेकरी हे प्रमुख. लहान मुलांत हा विकार विरळा.

असा एखादा पन्नाशीतला शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापण्या सुजतात, मानेच्या वळ्या आणि कोपराच्या आतल्या बाजू खाजतात. हिवाळ्यात आपोआप बरे वाटते. दुसऱ्या वर्षी तेच, अधिक जोराने. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाराही महिने खाज राहते. चेहऱ्याची कातडी जाड, काळसर, सुरकुतलेली होते. रात्रीची झोप जाते. बाजारात लोक 'हा कसला रोग?' म्हणून दूर सरकतात, कोणी महारोगाची शंका बोलून दाखवितो. वास्तविक हा विकार स्पर्शाने एकाकडून दुसऱ्याकडे मुळीच जात नाही. शेतात गेल्याशिवाय पोट भरत नाही आणि गेले की अंग पेटते, अशा कात्रीत तो सापडतो. काही जणांवर वडिलोपार्जित जमीन दुसऱ्याला कसायला देऊन शहरात नातेवाइकांकडे राहण्याची पाळी आली आहे.

निदानात आणखी एक गफलत होते. विकार उघड्या भागांवर असल्याने तो उन्हामुळे झाला असे वाटते. भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. ऊन वरच्या पापणीवर, हनुवटीखाली आणि कानामागे फारसे पोहोचत नाही. वाऱ्यावर उडणारी धूळ आणि लवेचे कण तेथे बरोबर जाऊन बसतात. म्हणून हे कोपरे सुजलेले दिसले तर हवेतून येणाऱ्या वनस्पतीची शंका प्रथम घ्यावी. जुन्या रोग्यांत मात्र खरोखरच उन्हाचीही असह्यता मागाहून जडते, तेव्हा ही खूण पुसट होते.

खात्री करण्यासाठी पॅच टेस्ट करतात. ही पद्धत याडासोन यांनी १८९५ मध्ये प्रथम मांडली. गाजर गवताचा अर्क व इतर संशयित पदार्थ लहान चकत्यांतून पाठीवर चिकटवितात, दोन दिवसांनी पट्टी काढून पाहतात आणि पुन्हा चौथ्या दिवशी पाहतात. त्या काळात पाठ भिजू द्यायची नाही, घाम गाळणारे काम करायचे नाही. चौथ्या दिवशीची फेरी चुकविणारे रोगी पुष्कळ. ती न चुकविणे अगत्याचे आहे, कारण काही प्रतिक्रिया तेव्हाच उमटतात. या चाचणीत शेवंतीसारख्या त्याच कुळातील फुलांचीही ॲलर्जी आढळू शकते. देवपूजेच्या हारातील शेवंतीनेही हात खाजू लागले तर त्यात नवल नाही.

उपचार आणि त्यांच्या मर्यादा

हिस्टामिनरोधक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही. खाज किंचित कमी होते, झोप लागते, एवढेच. मुख्य औषध म्हणजे स्टिरॉइडचे मलम. कातडीच्या जाडीप्रमाणे आणि जागेप्रमाणे त्याची तीव्रता ठरवावी लागते. तळहाताला चालणारे मलम पापणीला चालत नाही. आणि येथेच मोठा अनर्थ होतो. औषधांच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेली नळी आणायची, दोन दिवसांत आराम पडतो म्हणून महिनोन्‌महिने चोळीत राहायचे, असे चालते. कातडी कागदासारखी पातळ होते, लाल रेषा उमटतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, नायटा असल्यास तो फोफावतो, आणि पापण्यांवर सतत लावल्यास डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो काटेकोर पाळला जावा, एवढीच अपेक्षा.

स्टिरॉइडच्या गोळ्यांची गोष्टही तशीच. तीव्र भडक्यात थोडे दिवस त्या दिल्यास रोग्याला जीवदान मिळाल्यासारखे वाटते. परंतु वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, आणि अचानक बंद केल्यास शरीर कोसळू शकते. काही ठिकाणी 'जडीबुटीची पुडी' म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधात हेच मिसळलेले असते. एका रात्रीत जुना इसब नाहीसा करणाऱ्या पुडीविषयी संशय घेतलेलाच बरा. जुनाट रोग्यांसाठी ॲझाथायोप्रिन हे औषध भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी, विशेषतः दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, यशस्वीपणे वापरले आहे. स्टिरॉइडवरचे अवलंबन त्यामुळे कमी करता येते. मात्र ते पांढऱ्या पेशी घटवू शकते, यकृतावर परिणाम करू शकते. त्यामुळे रक्ततपासणी नियमित झालीच पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी ती तपासणी होते, पण मजुराची त्या दिवसाची रोजी बुडते. ही अडचण लक्षात घेऊन डॉक्टरांनी तारखा बाजाराच्या दिवशी दिल्या तर रोगी टिकतात.

औषधांहूनही मोठा उपाय टाळण्याचा. शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला व मानेला धुतलेले उपरणे. परतल्यावर कपडे घरात न आणता बाहेरच उतरवून लगेच अंघोळ. ते कपडे दुसऱ्या दिवशी न धुता पुन्हा न घालणे. धुतलेले कपडे गवताच्या जवळ वाळत न घालणे. ज्याला ॲलर्जी आहे त्याने गवत स्वतः उपटू नये. हे सांगणे सोपे, पण एकट्या घराने आपले अंगण स्वच्छ केले तरी शेजारच्या पडीक प्लॉटवरून कण येतच राहतात. म्हणून हा विकार वैद्याच्या चिठ्ठीने पुरता सुटत नाही. त्याला ग्रामपंचायत लागते.

निर्मूलनाच्या बाबतीत मेक्सिकन भुंगेऱ्याची मदत मोलाची ठरली आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा १९८४ साली बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आला. त्याच्या अळ्या आणि प्रौढ दोन्ही गाजर गवताची पाने खाऊन झाड निष्पर्ण करतात. मध्यंतरी हा कीटक सूर्यफुलावर दिसल्याने काळजी पसरली होती, परंतु त्यावर त्याचा निर्वाह होत नाही असे तपासाअंती आढळले. तो पावसाळ्यात जोमाने काम करतो आणि कोरड्या महिन्यांत जमिनीत दडून बसतो. म्हणजे उन्हाळी ओलीवर, पाटाच्या कडेला वाढणाऱ्या गवताकडे माणसालाच पाहावे लागते. पावसापूर्वी पडीक जागी तरोट्याचे बी फोकल्यास तो दाट उगवून गाजर गवताला वर येऊ देत नाही. हा उपाय बिनखर्ची असूनही तितकासा केला जात नाही.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा सप्ताह देशभर गाजर गवत जागृतीसाठी पाळला जातो. शाळा-महाविद्यालयांतील मुले, ग्रामस्थ त्यात हिरिरीने उतरतात. परंतु अनेक गावांत त्या सुमारास पहिल्या पावसाचे गवत फुलून बी धरू लागलेले असते. तेव्हा ते उपटून रस्त्याने ओढीत नेणे म्हणजे पेरणीच. जून-जुलैमध्ये, फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटलेल्या गवताचे खड्ड्यात कंपोस्ट करता येते. उपटणाऱ्याच्या हातात रबरी मोजे असावेत, ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, तोंडाला फडके असावे. ज्यांच्या पापण्यांना अथवा मानेला पूर्वी कधी खाज सुटली असेल त्यांना उपटण्याऐवजी खड्डा खणण्याचे किंवा नोंदवहीचे काम द्यावे, आणि काम संपल्यावर सर्वांना हातपाय साबणाने धुण्याइतके पाणी तेथे ठेवावे.